ठिपके चालवणारे साहेब

आमच्या कार्यालयातल्या शिपायानं एकदा अख्खा अकोले तालुका खाल्ला. भाजलेला आणि खारवलेला.

झालं असं की साहेबांच्या टेबलावर एक स्टीलची परात असायची आणि तिच्यात फुटाण्यांचे चौदा ढीग. जिल्ह्याचे तालुके चौदा म्हणून ढीग चौदा. केरसुणीची एक काडी घेऊन साहेब एकेक फुटाणा या ढिगातून त्या ढिगाकडे सरकवत बसायचे. कामधंद्यासाठी कुठली माणसं कुठं जातात, ते त्यांना बघायचं होतं. डोंगरातले फुटाणे सुप्याच्या कारखान्यांकडे निघालेले असायचे, काही नगरच्या वाटेवर. साहेब जरा बाहेर गेले होते तेव्हा आमचे शिपाई रज्जाकभाई दुपारचा चहा ठेवायला आत गेले. त्या दिवशी त्यांनी डबा आणला नव्हता.

साहेब परत आले, खुर्चीत बसले आणि परातीकडे बघत राहिले.

"रज्जाकभाई, अकोले कुठं गेलं?"

रज्जाकभाईंनी मिशीवरचं मीठ पुसलं. "कोपऱ्यातलं तेवढंच खाल्लं साहेब. बाकीच्याला हात न्हाई लावला."

"तो तालुका होता."

"म्या म्हनलं नाश्ता हाय."

"आणि सुप्याला निघालेले? ते वाटेत होते."

"वाटंतले बी गेले," रज्जाकभाई खाली मान घालून म्हणाले.

दुसरा कुणी अधिकारी असता तर आवाज बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत आला असता. साहेबांनी नुसती मान हलवली, कागद काढले आणि अकोले पुन्हा मोजायला घेतलं. दुसऱ्या दिवसापासून परातीत कच्ची मटकी आली. कच्ची मटकी कुणी खात नाही, अशी त्यांची समजूत. पुढच्याच आठवड्यात उंदरानं पारनेर नेलं.

आमची शाखा आकड्यांची. जिल्ह्यात काय किती आहे ते मोजायचं, तक्ते भरायचे आणि महिन्याच्या बैठकीत पडद्यावर दाखवायचे. साहेब येण्यापूर्वी हे काम आम्ही अगदी इमानानं करत होतो. उभे खांब, आडवे खांब आणि जिलेबीसारखी गोल चित्रं. दिवे मालवले की अर्धी बैठक झोपायची आणि उरलेली अर्धी मोबाईलच्या उजेडात फार सात्त्विक दिसायची. दिवे लागले की सगळे एकसुरात म्हणायचे, "छान." त्या 'छान'ची आम्हाला इतकी सवय झाली होती की त्याचा अर्थ 'जागे झालो' असा आहे, हे कधी मनात आलं नाही.

साहेब बदलून आले त्या पहिल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. उंच, काटकुळा माणूस. इस्त्रीची पँट आणि खाली पांढरे कापडी बूट, शाळेतल्या पोरांचे असतात तसले.

"तुम्ही नाटकात काम करता म्हणे."

"हौशी," मी म्हणालो. ही चौकशी नेहमी 'मग रजा फार घेता का' या प्रश्नावर संपते, म्हणून मी सावध झालो.

"पात्र कुठल्या विंगेतून येतं हे कोण ठरवतं?"

"दिग्दर्शक."

"आणि आपला आकडा कुठल्या विंगेतून येतो?"

मी टेबलावरच्या तक्त्यांकडे पाहिलं.

"तो येतच नाही. आपला पडदा उघडतो तेव्हा सगळी पात्रं ओळीनं मरून पडलेली असतात. प्रेक्षकांनी काय करायचं? ओळख पटवायची आणि घरी जायचं." एवढं बोलून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "बसा नटवर्य. आपल्याला त्यांना जिवंत आणायचंय."

त्या दिवसापासून मी नटवर्य झालो, ते साहेब निवृत्त होईपर्यंत.

त्यांची पद्धत अशी. आधी परातीत मटकी चालवायची. ती नीट चालली की माणसं चालवायची. कार्यालयाच्या मागं वाहनतळ आहे, तिथं खडूनं रेघा मारून आम्हा सगळ्यांना उभं करायचे. मी संगमनेर. आस्थापना शाखेतल्या एक बाई राहुरी. शिट्टी वाजली की आपापल्या आकड्याच्या मानानं पुढे चालायचं. कुणाचं वर्ष जोरात गेलं असेल तर त्यानं लांब पावलं टाकायची, कुणाचं बसकं गेलं असेल तर जागीच पाय हलवायचे. राहुरीच्या बाई दर वेळी संगमनेरच्या पुढे जायच्या आणि साहेब शिट्टी वाजवून त्यांना परत आणायचे. "ताई, तुम्ही स्वतःच्या वेगानं चालताय. राहुरीच्या चाला." दाखला काढायला आलेली माणसं कुंपणाशी उभी राहून बघायची. एका म्हाताऱ्या बाबांना वाटलं, इथं नाव लावल्याशिवाय दाखला मिळत नाही. ते शांतपणे रांगेत येऊन उभे राहिले आणि शेवटपर्यंत श्रीगोंदा म्हणून चालले. फार चांगले चालले.

आणि मग शेवटी संगणक. एक जुना लॅपटॉप होता, त्याच्यावर साहेब ठिपके बनवायचे. एक ठिपका, एक माणूस. किंवा एक विहीर, एक शाळा, जे असेल ते. ठिपका निघायचा, वाटेनं जायचा, पोचायचा. मी एकदा म्हणालो, "साहेब, हा फार हळू जातोय, जरा पळवू का?"

"तो खरा किती वेळात जातो?"

"अहो पण बघणाऱ्यांना घाई असते."

"त्यांना असेल. ठिपक्याला नाही."

ठिपके चालत असताना बोलायला बंदी होती, साहेबांना स्वतःलाही. पडद्यावर हालचाल आणि तोंडातून आवाज, दोन्ही एकदम आले की माणूस दोन्हीतलं काहीच घरी नेत नाही, असं ते म्हणायचे. आधी एक वाक्य बोलायचं. मग गप्प. ठिपके थांबले की पुन्हा एक वाक्य. मला नाटकात हे कुणी शिकवलं असतं तर माझी दोन-तीन बक्षिसं तरी वाढली असती.

पण खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी. बैठक झाली, लोकांनी वाहवा केली, हे साहेब जमेलाच धरत नसत. सकाळी साडेदहाला रज्जाकभाई पाण्याचा जग घेऊन आत आले की विचारायचे, "काल बैठकीत काय पाहिलं?" रज्जाकभाई बैठकीत पाणी द्यायला असायचे, त्यामुळे त्यांनी सगळं पाहिलेलं असायचं. ते जे सांगतील ते साहेब एका वहीत उतरवून घ्यायचे, शब्दन्‌शब्द. रात्रीची झोप आणि सकाळचा चहा ओलांडून जे उरतं तेवढंच आपण दाखवलं, बाकीचं दाखवलंच नाही, असा त्यांचा हिशोब.

हा छंद घरीही होता. सावेडीत त्यांचा फ्लॅट. इमारतीच्या टाकीतलं पाणी कुठं जातं याचं एक हलतं चित्र करून त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं. टाकी हळूहळू उतरते, एकेका घराची बादली भरते, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका घराची बादली भरतच राहते. तिसऱ्या मजल्यानं त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला. वहिनी मला पोहे देताना म्हणाल्या, "भाऊजी, यांना ऑफिसातच काय ते चालवू द्या. मला जिन्यात कोणी जागा देत नाही."

"पण पाणी पुरायला लागलं," साहेब म्हणाले.

"पुरतंय ना. मी एकटीच भरते, कोणाशी बोलायचं नसतं," वहिनी म्हणाल्या.

आता त्यांची एक फजितीही सांगतो. ती सांगितली नाही तर पुढचं कळणार नाही.

बोअर दरवर्षी किती खोल जातायत ते दाखवायचं होतं. साहेबांनी पडद्यावर एक लाल रेघ सोडली. वरून निघाली, खाली आली. पडदा संपला तरी थांबेना. प्रोजेक्टर एका फळीवर ठेवला होता आणि आधी ठरवल्याप्रमाणे रज्जाकभाई ती फळी इंचाइंचानं पुढे झुकवत होते. रेघ पडद्याखालून भिंतीवर आली, भिंतीवरून फरशीवर, फरशीवरून सरळ चालत अध्यक्षस्थानी बसलेल्या मोठ्या मॅडमच्या टेबलाखाली आणि तिथून त्यांच्या सँडलवर. मॅडमनी पाय वर घेतले. आणि मग टाळ्या. आमच्या बैठकीत टाळ्या मी पहिल्यांदा ऐकल्या. मी तर जवळजवळ वाकून अभिवादन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी विचारलं, "काल काय पाहिलं?"

"लाल रेघ मॅडमच्या चपलेवर चढली," रज्जाकभाई खुशीत म्हणाले. "आन् मॅडमनी पाय वर घ्येतलं."

"कशाची रेघ होती?"

रज्जाकभाईंनी जग खाली ठेवला. बराच वेळ छताकडे पाहिलं. "त्ये न्हाई ध्यानात. पन चढली लई झ्याक."

साहेबांनी वहीत लिहिलं. मग फोन उचलून बैठकीला असलेल्या चार-पाच जणांना विचारलं. सगळ्यांना चप्पल आठवत होती. बोअर एकालाही आठवत नव्हता. तीन दिवस साहेब परातीशी बसले आणि त्यांनी एक दाणा हलवला नाही. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "नटवर्य, टाळ्या मी घेतल्या. आकडा तिथंच मेला."

मी म्हणालो, "साहेब, लोक खूश झाले, त्यात काय वाईट?"

"लोकांना खूश करायला तुम्ही आहात की," ते म्हणाले. एवढं कडवट ते कधी बोलले नव्हते.

त्याच महिन्यात बसचं प्रकरण आलं.

अकोल्याच्या डोंगराकडे संध्याकाळची एक बस जायची. खालच्या बाजारगावात अकरावी-बारावीपर्यंत शाळा आहे. वरच्या गावांतल्या मुली सकाळी खाली यायच्या आणि संध्याकाळी त्या बसनं घरी जायच्या. बस सरासरी निम्मी रिकामी धावते, डिझेलसुद्धा निघत नाही, तेव्हा ती बंद करावी, असा आगाराचा प्रस्ताव बैठकीपुढे येणार होता. शाळेत जाणाऱ्या मुलांचा प्रवास मोजायचं काम आमच्याच शाखेकडे होतं. मी घाईघाईनं एक तक्ता आखला आणि साहेब आणि मी अकोल्याला गेलो.

शाळेच्या ओसरीवर मुली एकेक करून येत होत्या, साहेब विचारत होते, मी रकाने भरत होतो. त्यात वनिता होती. अकरावीची. बसच्या शेवटच्या गावची. दोन वेण्या, दप्तराचा एक बंद सुतळीनं बांधलेला.

"बस येत नाही त्या दिवशी काय करतेस?" साहेबांनी विचारलं.

"जीप. जीप फाट्यापस्तोर येती."

"आणि फाट्यापासून पुढं?"

"दीड तास."

माझ्या तक्त्यात रकाना होता, 'पुढील वाहन मिळेपर्यंत लागणारा वेळ'. मी लिहिलं, दीड तास.

"आणि बस बंदच झाली तर?"

"आबा म्हनत्यात, बस हाय तवर शीक." तिनं हे बसची वेळ सांगावी तसं सांगितलं. "बारावी झाली की मला नर्सिंगला जायाचंय. तवर ऱ्हायली पायजे."

"काय?"

"बस," ती म्हणाली. तिला वाटलं, हा माणूस जरा मंद आहे.

आम्ही नगरला परतलो. पुढचे दोन आठवडे परात, वाहनतळ, लॅपटॉप असं चक्र चाललं. मी आपला हौसेनं सूचना करत होतो. बसला तोंड काढू, हॉर्न वाजवू, शेवटी मुलींनी हात हलवावे. साहेब ऐकून घ्यायचे आणि काहीच करायचे नाहीत. सरावात सगळं मिळून दोन मिनिटांत आटपायचं. बैठकीच्या आदल्या संध्याकाळी ते लॅपटॉप घरी घेऊन गेले, तेव्हा मला वाटलं, रंगबिंग बदलतील.

बैठक भरली. मोठ्या मॅडम, सगळे विभागप्रमुख आणि आगाराचे अधिकारी. हे अधिकारी जाडजूड, हसतमुख गृहस्थ. त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं, "मॅडम, आमचं कुणाशी वैर नाही. पण गाडी सरासरी निम्मी रिकामी. मी तरी काय करू?"

साहेब उठले. "निम्मी रिकामी बस या रस्त्यावर एकदाही धावलेली नाही," असं एक वाक्य बोलले आणि मला खूण केली. मी कळ दाबली.

काळा पडदा. खालून वर जाणारी एक पांढरी वाट. तळाशी शाळा. एक चौकोन आला, त्यात ठिपके चढले, इतके की शेवटचे दोन दारातच राहिले. चौकोन वाट चढत गेला. प्रत्येक गावाला थोडे थोडे ठिपके उतरले. शेवटच्या गावात रिकामा झाला. आणि तसाच रिकामा, अगदी एक ठिपका नसलेला, खाली आला. पुन्हा भरला. पुन्हा वर. पुन्हा रिकामा खाली.

"एक भरलेली जाते, एक रिकामी येते," साहेब म्हणाले. "दोन्हींची बेरीज करून निम्मं केलं की कागदावर एक तिसरीच बस तयार होते. तीच आपण बंद करतोय. पण थांबणार ती भरलेली."

आगाराचे अधिकारी म्हणाले, "त्यांच्यासाठी जीपा आहेत की साहेब."

"हो. आता जीप बघू. यातली एकच मुलगी बघा."

मी कळ दाबली. सगळे ठिपके पुसट झाले, एक उरला. तो जीपमध्ये बसला, फाट्यापर्यंत गेला, उतरला. जीप माघारी फिरली. ठिपका फाट्यावर थांबला.

सरावात इथं तीन-चार सेकंद जात आणि मग पडदा मिटे. तीन-चार सेकंद गेले. दहा गेले. पडद्यावर काहीच हलेना. मागची जमीन आणि तिच्याबरोबर तो ठिपका तेवढा अंधारत होता, पण तेही इतकं सावकाश की खात्री पटेना. कुणीतरी खोकलं. मागून एक आवाज आला, "हँग झालं बहुतेक." रज्जाकभाई वायर तपासायला खाली वाकले.  रंगमंचावर समोरच्या नटाचं वाक्य अडलं की आपणच पुढं ढकलायचं असतं. मी कळीवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणालो, "साहेब, अडकलं."

"अडकलं नाही," साहेब म्हणाले. "ती उभी आहे."

सभागृहात सगळ्यांनी ऐकलं. मी बोट उचललं.

त्यानंतरची मिनिटभराची शांतता मी कुठल्या नाट्यगृहात अनुभवलेली नाही. कुणी मोबाईल पाहिला नाही. आगाराचे अधिकारी खुर्चीत पुढे सरकले होते आणि फाट्याकडे बघत होते, जणू मागून एखादी गाडी येईल. ती येत नव्हती. ठिपका जवळजवळ दिसेनासा झाला.

"अजून किती?" मॅडमनी विचारलं.

"दीड तासाचं दीड मिनिट केलंय," साहेब म्हणाले. "थोडं राहिलंय."

"होऊ द्या."

ते पूर्ण झालं. पडदा काळा झाला. दिवे लावायला कुणी उठलं नाही. मग मॅडमनीच लावायला सांगितले आणि पेन उघडलं. "मुलीचं नाव काय?"

"नाव सांगणार नाही मॅडम."

सगळे चमकले. मी तर मनातल्या मनात साहेबांना थेट गडचिरोलीला पोचवलं.

"का?"

"नाव सांगितलं तर तुम्ही तिची सोय कराल. उद्याच कराल, मला खात्री आहे. आणि बस बंद होईल."

 मॅडमनी पेन मिटलं. बस चालू राहील, जातानाचे आणि येतानाचे प्रवासी वेगळे मोजावेत, पुढच्या बैठकीत पुन्हा बघू, असं ठरलं. टाळ्या नाहीत. कुणी 'छान' म्हणालं नाही. माणसं उठून गुपचूप चहाला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी विचारायच्या आतच रज्जाकभाई जग हातात धरून म्हणाले, "साहेब, रात्री बायकोला सांगितलं, आसं आसं, जीप माघारी गेली, पोर फाट्यावर एकलीच हुबी. ती म्हनली, मंग पोचली का? मला ठावं न्हवतं. पोचली का हो?"

साहेबांनी वही उघडली, पण लिहायचं विसरले.

इथं एखादा शहाणा माणूस थांबला असता. साहेब लॅपटॉप घेऊन अकोल्याला निघाले. ज्यांचं आहे त्यांना दाखवायला हवं, म्हणाले. मीही गेलो. शाळेत एका भिंतीला चादर लावून दाखवलं. बस भरली तेव्हा मुलींनी दंगा केला, दारातल्या दोन ठिपक्यांना नावंसुद्धा ठेवली. मग फाटा आला. ठिपका थांबला. मी वाट बघत होतो की आता इथंही तशीच शांतता पसरेल.

"ही का थांबली?" वनितानं विचारलं.

"ही तूच आहेस," साहेब म्हणाले. "वाहन मिळेपर्यंत दीड तास."

"फाट्यावर कशाला हुबी ऱ्हाऊ? तिथं काय येतंय?" तिनं आजूबाजूच्या मुलींकडे पाहिलं, त्या हसायला लागल्या. "आमी चालाया लागतो. दीड तास चालायला लागत्यात."

साहेब माझ्याकडे वळले. तक्ता मी आखला होता. रकाना माझा होता. आकडा बरोबर होता, रकाना चुकला होता. त्या ओसरीवर आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं की वाहन नसेल तर माणूस चालतं.

नगरला परतेपर्यंत मी त्यांची समजूत घालत होतो. "साहेब, निकाल आपल्या बाजूनं लागलाय. आता गप्प बसा."

"चुकीचं दाखवलंय."

"दीड तास तर खराच आहे. उभी काय आणि चालत काय."

"तिला विचारा, एकच आहे का ते."

"अहो, चूक कबूल केली तर आगारवाले म्हणतील, यांचं सगळंच चूक. बस जाईल. त्या पोरीची शाळा जाईल. तुमच्या ठिपक्याच्या प्रामाणिकपणापायी."

हे त्यांना लागलं.  मग म्हणाले, "तुम्ही म्हणता ते होऊ शकतं. पण ती मुलगी चालते आणि मी तिला उभी केली. तिच्याच गोष्टीत मी तिला उभी केली, नटवर्य."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मॅडमना पत्र दिलं. चूक काय, कशी झाली, सगळं. माझा रकाना त्यांनी 'आमचा रकाना' म्हणून लिहिला होता. उत्तर येईपर्यंतचे चार दिवस मी नीट जेवलो नाही. पत्राच्या समासात मॅडमचा एक ओळीचा शेरा आला, 'दुरुस्त करून पुढील बैठकीत दाखवावे. तोवर बस चालू ठेवावी.' मी सुटकेचा श्वास सोडला. साहेबांनी नाही. त्यांचा ठिपका आता चालणार होता आणि ठिपक्याला खरा वेग लागतो.

म्हणून एका संध्याकाळी आम्ही दोघं त्या फाट्यावर उतरलो आणि चालायला लागलो. थंडीचे दिवस, ऊन डोंगराआड गेलेलं. साहेबांच्या हातात घड्याळ, पायात तेच कापडी बूट. मी चढावर धापा टाकत मागं. दर वळणाला ते थांबून वेळ लिहून घेत होते. पाठीवर वनिताइतकं ओझं हवं म्हणून त्यांनी एका पिशवीत पुस्तकं भरून आणली होती आणि ती मला दिली होती.

वीसेक मिनिटांनी मागून बस आली. उशिरा आली होती आणि खचाखच भरली होती. आम्हाला बघून थांबली. कंडक्टरनं दार उघडलं. "बसा की साहेब. आंधार पडंल."

"नको. मोजतोय," साहेब म्हणाले.

"काय मोजताय?"

खिडकीतून वनिताचा आवाज आला, "आमचं चालनं मोजत्यात." सगळी बस हसली. मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "दप्तर घिऊ का तुमचं?"

मी आशेनं साहेबांकडे पाहिलं. ते नाही म्हणाले. बस निघून गेली.

आम्ही चालत राहिलो. रस्ता ओढ्यात उतरला आणि पुन्हा चढाला लागला. आता पुढचं पाऊल कुठं पडतंय ते दिसत नव्हतं. ओढ्यावरच्या मोरीपाशी साहेब थांबले. वर, समोरच्या डोंगराच्या खांद्यावर, बस शेवटच्या गावाला पोचली होती. तिनं हॉर्न दिला, तो इथपर्यंत ऐकू आला. मग तिच्यापासून मोबाईलच्या बॅटऱ्या एकेक करून सुटल्या, वेगवेगळ्या दिशांना गेल्या, झाडांमागं जात-येत राहिल्या आणि एकामागून एक बंद झाल्या. शेवटची बंद होईपर्यंत साहेब हलले नाहीत. मग त्यांनी घड्याळाला बोट लावलं.

"घरात गेली," ते म्हणाले. "चालत निघाली असती तर आत्ता इथं असती."

मी आजूबाजूला पाहिलं. मोरी. दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. खाली कुठंतरी पाणी वाजत होतं. पुढं एक वळण होतं, त्याच्या पलीकडचं काही दिसत नव्हतं. आम्ही दोन बापये होतो आणि तरी मला तिथं जास्त वेळ थांबावंसं वाटेना.

साहेबांनी वेळ लिहून घेतली आणि पुढं चालायला लागले. अजून तासभर मोजायचा होता.